काकांनी भरलेली काडतुसं

१२ एप्रिल, शनिवार. जेवणं उरकल्यावरचं काम: काकांनी दिलेली पन्नास काडतुसं एकेक करून तोलणं.

माझ्या वहीत त्या दुपारची नोंद एवढीच आहे. वही ठेवायची सवय नोकरीतली. मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्याने ‘सगळं ठीक’ असं लिहून सही केली, की त्या सहीवर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. घरी यालाच संशयी स्वभाव म्हणतात.

रायफलीचं खूळ नवीन नव्हतं. कॉलेजात एन.सी.सी.त पॉइंट टू-टू रायफल चालवली होती आणि बरी चालवली होती. मग लग्न, अमेरिका, नोकरी, मुलगी. मुलगी कॉलेजला गेली आणि शनिवार रिकामे झाले. आमच्या श्रूजबरी गावापासून तासाभरावर एका क्लबाची सहाशे यार्डांची रेंज आहे. तिथे नवशिक्यांसाठी स्पर्धा असते: पोटावर झोपायचं, रायफल पुढे दोन पायांच्या स्टँडवर टेकवायची आणि सहाशे यार्डांवरच्या कागदावर गोळ्या मारायच्या. सेफ्टीचा वर्ग केला, पोलिस स्टेशनात बोटांचे ठसे दिले, लायसन्सची वाट बघितली. तोपर्यंत ठरवायचं होतं ते एकच, काडतूस कुठलं घ्यायचं. कारण काडतूस ठरलं की रायफल ठरते, आणि रायफल ठरली की बाकीचा सगळा संसार तिच्या मागे येतो.

दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, “नवऱ्यासाठी बघताय का?”

“नवऱ्याला आवाजाने डोकेदुखी होते,” मी म्हटलं.

त्याने काउंटरवर करंगळीपेक्षा जाड आणि लांब मॅग्नम काडतूस उभं केलं. लांब मारायचं तर ताकद हवी, म्हणाला. तुम्ही स्वतः स्पर्धेत किती वेळा उतरलात, असं विचारल्यावर कळलं की एकदाही नाही. तो हरणं मारतो. मला कागद मारायचा होता. कागद एका गोळीने पडत नाही, त्याला एका दिवसात चाळीस-पन्नास मारायच्या असतात.

मग क्लबात विचारलं, इंटरनेटवर वाचलं. दोन आठवड्यांत माझ्या लक्षात आलं की प्रत्येक जण स्वतःच्या कपाटात जे आहे तेच सुचवतो. थ्री-ओ-एट वाला म्हणे जुनं ते खात्रीचं. बारीक सहा मिलिमीटरवाली तरुण मुलं म्हणत, वारा त्याला हलवतच नाही. पण बॅरल किती टिकते म्हटलं की विषय बदलत. तेव्हा मी मतं विचारणं बंद केलं आणि सगळ्यांना तेच तीन प्रश्न विचारू लागले. साठ गोळ्या झाल्यावर खांदा दुखतो का? बॅरल कधी बदललीत? आणि एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी बनलेले आणि म्हणून सारखे उडणारे, चार खोके दुकानात एकदम मिळतात का? उत्तरं वहीत लिहिली. मॅग्नम पहिल्याच प्रश्नात गेलं. टू-टू-थ्री सौम्य आणि स्वस्त, पण सहाशे यार्डांवर वाऱ्याने फार सरकतं. तिन्ही प्रश्नांतून बऱ्यापैकी पार पडलं ते सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमोर.

काकांनीही तेच सुचवलं. त्यामुळे मला पुन्हा शंका आली, कारण त्यांच्याकडे त्याच्याच दोन रायफली होत्या.

काका आमचे नात्याने कोणी नव्हेत. मराठी मंडळातली ओळख, घर चार गल्ल्या पलीकडे. वय पंचाहत्तरच्या पुढे. आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं आणि निवृत्त झाल्यावर या नादाला लागले. मुलगा कॅलिफोर्नियात. तो दर रविवारी फोनवर सांगतो की बाबा, आता हे सगळं विकून टाका. काका दर रविवारी म्हणतात, बघू. गॅरेजमधल्या बाकावर ते स्वतःची काडतुसं स्वतः भरतात: पितळी नळीत तळाला ठिणगी देणारा प्रायमर, वर मोजून पावडर, त्यावर गोळी दाबून बसवायची.

सामानाची त्यांनी मला दीड पानी यादी दिली. मी निम्मी खोडली. स्कोप चांगला घेतला, कारण दिसलं नाही तर बाकीचं व्यर्थ. चटई म्हणून जुनी योगा मॅट. रायफलीच्या मागच्या टोकाखाली ठेवायची पिशवी बाजारात मिळते. मी जुन्या जीन्सच्या पायाची शिवली आणि आत मोहरी भरली.

“फोडणीची मोहरी?” काकांनी पिशवी दाबून बघितली.

“तांदळाला किडे होतात.”

“उन्हात तापली की वास येईल. शेजारचा विचारेल, आज आमटी का?”

“पण घट्ट बसते की नाही ते सांगा.”

“बसते,” ते नाइलाजाने म्हणाले.

अडलं ते काडतुसांवर. स्कोपशी रायफल जुळवून घेण्यात मी विकत आणलेल्या लॉटमधली बरीच खर्च झाली. उरली सव्वीस. दुकानात तो लॉट संपला होता. स्पर्धेच्या दोन फेऱ्या, प्रत्येकी वीस गोळ्या आणि आधी दोन चाचणीच्या. म्हणजे चव्वेचाळीस हवीत. काका म्हणाले, “मी माझी शंभर भरणारच आहे. पन्नास तुला.”

सेफ्टीच्या वर्गात एक नियम तीनदा सांगितला होता: दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालू नका. त्या कागदावर माझी सही आहे. पण गुरुवारी काकांनी दारात डबा पुढे केला, आणि त्यावर काकूंनी चिवड्याची पिशवी ठेवली होती. चिवडा घेऊन डबा परत कसा करणार? मी दोन्ही घेतले. घरी आल्यावर चिवडा खाल्ला. डब्याला दोन दिवस हात लावला नाही.

स्पर्धा रविवारी होती. शनिवारी दुपारी मी ओट्यावर डिजिटल काटा ठेवला, एक काडतूस काढलं, तोललं, लिहिलं. बावीस ग्रॅम. दुसरं एकवीस पूर्णांक नऊ. पितळेच्या नळ्या सगळ्या सारख्या नसतात, थोडा फरक चालायचाच. नवरा सिंकपाशी उभा राहून बघत होता.

“त्यांनी लाडू दिले असते तर तेही तोलले असतेस,” तो म्हणाला.

“लाडू तोंडापासून चार इंचांवर फुटत नाहीत.”

एकतिसावं काडतूस एकोणीस पूर्णांक तीन भरलं. काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं. एकोणीस पूर्णांक तीन. बॅटरी बदलली. तेच. कानाशी हलवून पाहिलं, आवाज नाही. पुढची एकोणीस तोलली, ती सगळी बावीसच्या आसपास. वजनात घट होती ती साधारण एका काडतुसातल्या पावडरीइतकीच. एकतिसाव्यात पावडर नव्हती.

असं काडतूस रायफलीत घातलं तर नुसता फट् आवाज येतो. प्रायमरच्या जोराने गोळी थोडी पुढे जाते आणि बॅरलमध्ये अडकून बसते. घड्याळ चालू असतं, माणूस घाईत असतो. तो बोल्टचा दांडा मागे ओढून रिकामी नळी काढतो, पुढचं काडतूस सरकवतो आणि ट्रिगर ओढतो. त्यापुढचं वर्गात फुटलेल्या बॅरलींचे फोटो लावून दाखवलं होतं.

“ते एक फेकून दे,” नवरा म्हणाला. “तू उद्या विकतची मार आणि गप्प बस. म्हाताऱ्या माणसाला काय सांगायचंय?”

तसं केलंही असतं. पण काकांनी शंभर भरली होती. उरलेली पन्नास उद्या सकाळी ते स्वतः मारणार होते.

आधी मला वाटलं ते हेच की वय झालं. हात थरथरत असेल, लक्ष राहत नसेल, मुलाचं बरोबर आहे. मी तसं वहीत लिहिलंसुद्धा. मग कामावर करते तशी मागे मागे जाऊन बघायला लागले, की चूक नेमकी कुठल्या मिनिटाला झाली असेल. आणि बुधवार आठवला. बुधवारी संध्याकाळी मी मोहरीची पिशवी दाखवायला गॅरेजच्या दारातून सरळ आत गेले होते. काका पावडर घालत बसले होते. ते तसेच उठले. पिशवी दाबली, आमटीचा विनोद केला. तेवढ्यात काकूंनी आतून हाक मारली, पोहे गार होतायत. पाहुणी आल्यावर यजमान बाकावर बसून राहत नाही. आम्ही आत गेलो, पोहे खाल्ले, चहा घेतला. कारखान्यात कोणी भरणं अर्धवट सोडून उठलं असतं तर मी तो अख्खा लॉट अडवला असता. काकांकडे मी दुसऱ्यांदा पोहे वाढून घेतले.

वयाबद्दलची ओळ खोडली. संशय मात्र गेला नाही. अशा हाका आणखी किती आल्या असतील?

चार वाजता फोन केला.

“काका, तुमच्या डब्यातलं एक काडतूस हलकं आहे. त्यात पावडर नाही.”

“तू माझी काडतुसं तोललीस?”

“हो.”

“सगळी?”

“सगळी. तुमचीही तोलायला पाहिजेत. उद्याच्या आधी.”

“हे बघ,” ते म्हणाले, आणि आवाज एकदम दवाखान्यातला झाला. “मी तीस वर्षं लोकांना भूल दिली. ज्यांना झोपवलं त्यांना उठवलंही. यू थिंक आय कांट काउंट?”

“भूल देताना काकू हाक मारत नव्हत्या. बुधवारी मी आले तेव्हा तुम्ही मधेच उठलात.”

“म्हणजे चूक तुझी?”

“माझी, तुमची, पोह्यांची. वाटून घेऊ नंतर. आत्ता येऊ का?”

“नको,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अर्ध्या तासाने काकूंचा फोन. “काय बोललीस गं त्यांना? गॅरेजमध्ये जाऊन बसलेत. चहा नको म्हणाले.”

मी सांगितलं. काकूंनी नीट ऐकून घेतलं.

“मुलाला सांगू नकोस हं,” त्या म्हणाल्या. “तो लगेच तिकीट काढून येईल आणि सगळं उचलून नेईल. मग हे दिवसभर माझ्या मागे मागे फिरतील.”

“त्याला नाही सांगणार. पण ती पन्नास त्यांनी तशीच रेंजवर आणली, तर तिथल्या अधिकाऱ्याला सांगेन. त्यांना तसं सांगा.”

“अगं, काका आहेत ते तुझे.”

“म्हणूनच आधी तुम्हाला सांगतेय.”

काकूंनी फोन ठेवला.

रविवारी सकाळी सहाला मी काटा घेऊन त्यांच्या घरी गेले. गॅरेजचं दार उघडं होतं. बाकावर त्यांचा स्वतःचा काटा चालू करून ठेवलेला, बाजूला पन्नासांचा डबा, झाकण लावलेलं. काका स्टुलावर बसले होते.

“तोललीत?” मी विचारलं.

“कशाला? मी तोलली तरी तू परत तोलशीलच.”

ते खरं होतं. मी त्यांच्या काट्यावर तोलली, मग माझ्या काट्यावर तोलली. पन्नासच्या पन्नास बरोबर. ते पाय हलवायला लागले. मी खिशातून एकतिसावं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते गोळी उपसायच्या हातोडीत बसवलं आणि दोनदा आपटलं. गोळी बाहेर आली. तिच्यामागे काहीच आलं नाही. त्यांनी नळी उलटी करून तळहातावर ठोकली, आत टॉर्च मारून बघितलं आणि पुन्हा एकदा ठोकली.

“नळ्यांची रांग भरली की आत टॉर्च मारून बघायचं असतं,” ते म्हणाले. “त्या दिवशी राहिलं.”

वजनावरून पावडर आहे एवढंच कळतं, कुठली आहे ते कळत नाही. म्हणून बाकावरची पावडरची बाटली बघितली. एकच होती, आणि काडतुसांच्या डब्यावर लिहिलेलं पावडरचं नाव तेच होतं. कपाटही उघडायला लावलं.

“झालं समाधान, इन्स्पेक्टरबाई?”

“बरंचसं.” मी माझी एकोणपन्नास त्यांच्या बाकावर ठेवली. “ही परत. मी विकतची मारणार.”

“ती तर तू तोललीस.”

“तोलली. तरी नको. माझ्याकडे सव्वीस आहेत, मी एकच फेरी खेळेन.”

त्यांनी डबा ओढून घेतला आणि कपाटात ठेवला. काकूंनी आतून विचारलं, खायला काय करू? आम्ही दोघेही एकदम नको म्हणालो.

दोन गाड्यांतून रेंजवर गेलो. तिथे जोड्या लावतात. एक जण मारतो, दुसरा मागे बसून त्याचे गुण लिहितो. मी यादीत स्वतःच जाऊन काकांच्या नावापुढे माझं नाव लिहिलं. पहिल्या फेरीत आधी त्यांची पाळी होती, मग माझी. मी त्यांच्या मागे खुर्ची लावली आणि कानावरच्या मफचा, जो कान वाचवतो पण बारीक आवाज मोठा करून ऐकवतो, आवाज वाढवला.

“बार हलका वाटला तर मी ‘थांबा’ म्हणेन,” मी सांगितलं. “मग बोल्टला हात लावायचा नाही.”

“माहितीये मला,” ते खाली झोपता झोपता म्हणाले.

सहाशे यार्डांवर टार्गेट वर येई, गुण दिसे, मी लिही. पण लक्ष गुणांवर नव्हतं. प्रत्येक बार ऐकून मगच पेन्सिल टेकवत होते, आणि दोनदा आकडा चुकीच्या रकान्यात लिहून खोडावा लागला. बाविसावा बार झाला. काकांनी बोल्ट उघडून ठेवला, उठायला हात मागितला. मी हात दिला, त्यांच्या कागदावर सही केली, पेन्सिल त्यांच्याकडे दिली आणि माझी चटई पसरली.