विहिरीवरच्या दोघी

कॉलेजात दोन वर्षं काय काढली, जगातल्या सगळ्या चोऱ्या पकडायचं काम आपल्याकडेच आलंय असं मला वाटायला लागलं होतं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. सासूबाईंना आसगावहून भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणलं होतं. ताप हटेना. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पाजा. आणि म्हातारी वॉर्डातल्या माठाला हात लावेना! घर बौद्ध होऊन किती वर्षं झाली, पण गावच्या विहिरीवर कोणी वरून ओतेल तेव्हा ओंजळीनं प्यायची सवय. सिस्टरनं गिलास पुढे केला तरी त्या ओंजळच धरत. अर्धं पाणी चादरीवर. मी वरून ओतायला नसले की तहानलेल्याच राहत.

एका दुपारी सिस्टर खाटेवर टेकली. ख्रिस्ती होती. सांगू लागली, येशू थकून विहिरीवर बसला. एक बाई आली. तिच्या लोकांच्या हातचं पाणी त्याचे लोक पीत नसत. तो तिलाच म्हणाला, पाणी दे.

मी ताडकन उठले. "ही तर आमची गोष्ट! भिक्खू पाणी मागतो, पोरगी म्हणते मी हलक्या जातीची. तुमच्या लोकांनी उचलली!"

"असेलही," सिस्टर हसली. "नाहीतर तुमच्यांनी आमची. लिहिणारे गेले, आता विचारायचं कोणाला?"

मग गोष्ट इकडून तिकडे गेली कशी हे पटवायला मी व्यापारी, तांडे, जहाजं, सगळं बाहेर काढलं. वॉर्डातल्या बाया माझ्याकडे कौतुकानं बघताहेत असं मला वाटत होतं. त्या डब्यांची वाट बघत होत्या.

"थांब ना वं, काहून भांडून राहिली?" सासूबाई म्हणाल्या. मग हळूच सिस्टरला, "तिकडंबी होती का अशी बाई? समुद्रापल्याड?"

"होती, आजी."

मी खाली बसले. हजारो कोसांवर, भलत्याच भाषेत, घागर धरून तशीच दचकलेली एक बाई! चोरीच्या नादात मला ती दिसलीच नव्हती.

"मंग पेला का तो तिच्या हातचं?"

"ते लिहिलेलं नाही, आजी."

सासूबाईंनी खाटेखालचा घरचा भरलेला लोटा ओढला, तिच्यापुढे धरला. "तू पे."

सिस्टर ओठ लावून, डोळे मिटून, गटागट पाणी प्यायली. सासूबाई बघत राहिल्या. मग त्यांनी गिलास उचलला, दोन्ही हातांनी, आणि तोंडाला लावला. चादर कोरडी राहिली.

रिकामा गिलास भरायला मी हात पुढे केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "माठातलं मीच घेतो."