घोड्याची कादंबरी आणि आम्ही चौघं

चार माणसं दर रविवारी दुपारी एकाच ओसरीवर बसून एकच पुस्तक वाचायला लागली, की पुस्तक बाजूला राहतं आणि किस्सेच जमा होतात. आमची कादंबरी संपायला आठ महिने लागले. तेवढ्यात जे जे झालं ते सगळं सांगायला बसलो तर आजची संध्याकाळ पुरणार नाही. थोडं सांगतो.

कादंबरी परदेशातली, जुनी आणि नावाजलेली. एक घोडा, त्याचा जॉकी आणि शर्यती. वाचणारे आम्ही आदिलाबादचे. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला. ओसरी डॉक्टरांची, ते जनावरांचे डॉक्टर, सगळी नोकरी याच जिल्ह्यात झालेली. रझियाआपा उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. चौथे विठ्ठलभाऊ, भीमपूरकडचे शेतकरी. त्यांची लेक डॉक्टरांच्या शेजारी राहते, म्हणून रविवारी यायचे. पहिल्या रविवारी ते कुंपणापलीकडून ऐकत उभे होते. दुसऱ्या रविवारी डॉक्टरांनी त्यांना आत बोलावून घेतलं.

रेसकोर्स आमच्यापैकी एकानंही पाहिलेलं नव्हतं!

*

पहिलं भांडण लग्नावरून झालं. माझ्याकडे मराठी अनुवाद होता, आपांकडे त्यांच्या वडिलांच्या पेटीतला उर्दू. एक प्रकरण मी वाचायचं, पुढचं आपांनी, थांबून थांबून समजावत. माझ्या पुस्तकात जॉकीचं त्याच्या आवडत्या मुलीशी लग्न पाचव्या प्रकरणात उरकलं. आपांच्या पुस्तकात ती मुलगी नुसती पत्रंच पाठवत होती, लग्नाचा पत्ता नाही. आम्ही एकमेकांच्या अनुवादकाला नावं ठेवली. शेवटी डॉक्टरांनी हैदराबादहून मूळ इंग्रजी पुस्तक मागवलं. त्यात लग्न होतं, पण दुसऱ्याच मुलीशी.

आपांनी आपलं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "अब्बांनी ही किताब तीनदा वाचली होती. बिचारे शेवटपर्यंत तिचीच वाट बघत राहिले असतील."

*

एका प्रकरणात घोड्याच्या पोटात दुखायला लागतं, आणि तबेल्यातला म्हातारा त्याला बाटलीभर दारू पाजून बरा करतो. डॉक्टरांनी वाचन थांबवलं. अशानं घोडा मरेल हे त्यांनी आम्हाला अर्धा तास समजावून सांगितलं. आतडं कसं असतं, पीळ कसा पडतो, सगळं.

विठ्ठलभाऊंनी शांतपणे विचारलं, "मंग थो वाचला काऊन?"

डॉक्टर म्हणाले, "लेखकाला पुढं दोनशे पानं लिहायची होती."

*

या कादंबरीवर सिनेमाही निघालेला, फार जुना, काळा-पांढरा. डॉक्टरांच्या सुनेनं तो टीव्हीवर लावून दिला. आम्ही तिघं रंगलो. विठ्ठलभाऊंना इंग्रजी कळत नव्हतं, ते नुसते पडद्याकडे बघत बसले. अर्ध्यात म्हणाले, "हा घोडा थो नाही."

आम्ही म्हटलं, अहो, तोच आहे. ते ऐकेनात. पहिल्याचा मागचा डावा पाय पांढरा होता, याचा उजवा आहे म्हणाले. मागं नेऊन पाहिलं, तर खरंच! पुढं शर्यतीत तर तिसराच घोडा पळत होता.

आपांनी विचारलं, जॉकी तरी सगळीकडे एकच आहे का?

"मानसाकडं म्या पाह्यलंच नाही," विठ्ठलभाऊ म्हणाले.

*

मग नवी मालिका आली, रंगीत, आठ भागांची. पुस्तकात शेवटच्या शर्यतीत घोडा पडतो आणि त्याचा पाय मोडतो. आम्ही वाचत वाचत अजून तिथवर पोचलो नव्हतो, पण मी ते पूर्वी वाचलेलं होतं. मालिकेत मात्र घोडा पडलाच नाही. जिंकला, फुलं उधळली गेली. मला राग आला. ज्या शेवटासाठी पुस्तक लोकांच्या लक्षात राहिलं तोच काढून टाकला, असं मी बरंच बोललो. आपांना आवडलं होतं. जन्मभर मुलांना खरं तेच शिकवलं, आता एखादा घोडा जिंकत असेल तर जिंकू द्या, असं त्यांचं म्हणणं.

डॉक्टर या वादात पडले नाहीत. विठ्ठलभाऊ चहा न घेताच उठले. मी फाटकापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, पुस्तकात खरं काय होतं? मी सांगितलं. त्यांनी फाटकाची कडी उघडली. मग म्हणाले, ते प्रकरण मी वाचीन.

*

विठ्ठलभाऊंचं शिक्षण सातवीपर्यंत. ओळीखाली बोट धरून वाचतात. ते प्रकरण आलं त्या रविवारी त्यांनी सगळी शर्यत अशीच वाचली, घाई न करता. घोडा पडला. जनावरांचा डॉक्टर आला. पुस्तकात त्याला जेमतेम तीन ओळी आहेत, नाव नाही. तो पाय बघतो, मान हलवतो, पिस्तूल काढतो.

तिथं बोट थांबलं.

पानावरची नजर न काढता ते सांगू लागले. तरुणपणी त्यांच्याकडे शंकरपटाची, म्हणजे शर्यतीची, बैलजोडी होती. गावाजवळच्याच पटात त्यातला एक बैल पडला, पुढचा पाय दोन जागी मोडला. यांनी त्याची मान मांडीवर घेतली आणि सोडेचनात. एक तरुण डॉक्टर आला. काही उपाय नाही असं एकदाच म्हणाला, आणि यांनी हो म्हणेपर्यंत उन्हात बसून राहिला. मग सुई दिली. सगळ्या गर्दीसमोर यांनी त्याला कसाई म्हटलं. तरी तो हलला नाही. बैल निवेपर्यंत थांबला आणि निघून गेला.

"म्या मान वर करून त्याचं तोंड बी नाही पाह्यलं," विठ्ठलभाऊ म्हणाले. "आता वाटते, पाहाले पायजे होतं."

आपांनी डोळ्यांना पदर लावला होता.

डॉक्टर जमिनीकडे बघत होते. हळूच म्हणाले, "पाखऱ्या."

बैलाचं नाव विठ्ठलभाऊंनी आम्हाला सांगितलेलं नव्हतं.

भाऊंनी मान वर केली. डॉक्टरांच्या तोंडाकडे किती तरी वेळ बघत राहिले. मग पुस्तक त्यांच्या हातात दिलं, कुठवर आलो ते बोटानं दाखवलं.

"पुढचं तुमी वाचा," म्हणाले.