शनिवारी उडणारा फ्यूज

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी, पहाटे, गावच्या दूध डेअरीच्या दारात, कॅन घेऊन उभ्या असलेल्या अख्ख्या रांगेसमोर. तिची पहाटेची फेरी काढून चेअरमननी आपल्या भाच्याला दिली. कारण काय, तर तिच्या ट्रकचे धुक्याचे दिवे लागले नाहीत. वर मोठ्यानं म्हणाले, "बाईनं केल्यालं वायरिंग हाय. येगळं काय व्हनार?"

रांगेतले काही हसले. कोण कोण हसलं ते मला माहीत आहे, पण नावं लिहायची नाहीत असं घरात ठरलंय.

खरं तर याचं मी पत्रकच काढणार होते. मजकूर तयार होता, खाली तीन मागण्याही होत्या. आई म्हणाली, "पत्रकात मला घालू नगंस." म्हणून पत्रक काढलं नाही. त्याऐवजी हे सविस्तर लिहिते आहे आणि तिला यात घालते आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमच्या भावकीत बाकीच्यांनी जमिनीचे तुकडे विकून खोल्या बांधल्या आणि भाड्यानं दिल्या. आत्यानं छोटा ट्रक घेतला आणि स्वतः चालवायला लागली. डेअरीचं दूध पहाटे कासार आंबोलीकडून हिंजवडीच्या टॉवरांत पोचवायचं, ही तिची फेरी. पहाटेची फेरी म्हणजे मानाची. दिवसाची फेरी कुणीही मारतं. पहाटेची ज्याच्याकडे, त्याच्यावर डेअरीचा भरवसा, असा सरळ हिशोब आहे आमच्याकडे.

थंडीत मात्र आमच्या रस्त्यावर धुकं असं बसतं की हेडलाईट लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. त्यात समोरून कंपन्यांच्या कॅब डोळ्यांत उजेड मारत येतात. दूध एकदा उशिरा पोचलं आणि चेअरमननी फर्मान काढलं: धुक्याचे पिवळे दिवे बसवा, न्हाईतर पहाटेची फेरी सोडा.

आत्या म्हणाली, "बसिवते की. त्यात काय."

गॅरेजवाला आठवडाभर 'उद्या' म्हणत होता. मग एका रविवारी आम्ही दोघींनी अंगणात ट्रक लावला आणि बॉनेट उघडलं. इतकी वर्षं गाडी दुरुस्त होताना आत्या मेकॅनिकच्या डोक्यावर उभी राहून बघत आली होती, त्यामुळे तिला बरंच कळत होतं. मला वाचता येत होतं. रिलेच्या खोक्यावरची आकृती मी वाचायची आणि वायर तिनं सोलायची, अशी वाटणी झाली.

रिले हा शब्द मला एकाच ठिकाणी भेटला होता. बसथांब्याला शेड मिळावी म्हणून आम्ही साखळी उपोषण केलं, तेव्हा इंग्रजी पेपरात त्याला 'रिले' म्हटलं होतं. एक उठला की दुसरा बसतो. हे मी आत्याला सांगितलं. तिनं ती काळी डबी कानाशी धरून हलवली.

"हिच्यात बी कुनी उपाशी बसलंय व्हय गं?"

"आत्या, सीरियसली घे."

"घेतलंय की. आता आईक. ह्यो नुसता दरवान हाय. केबिनमधलं बटन त्याला म्हनतं, दार उघड. त्यो उघडतो. मंग खरा करंट बॅटरीतनं थेट दिव्याला जातो. बटनातनं समदा करंट न्हेलास तर बटन वितळतंय."

सगळी आकृती दोन वाक्यांत संपली. मी म्हटलं, "म्हणजे बटनानं नुसती घोषणा द्यायची. काम दुसऱ्यानं करायचं."

"व्हय. तुज्यासारखं."

बॅटरीपासून निघणाऱ्या जाड वायरवर, अगदी बॅटरीजवळच, आम्ही फ्यूज बसवला. छोटा, निळा, प्लास्टिकचा. दिव्यांचे स्टँड बंपरला कसले. तिथं आधी एक लोखंडी आकडा होता, तो काढला. दिवे आत्यानं मुद्दाम खाली, रस्त्याकडे झुकवले. मला ते जरा कमी रुबाबदार वाटलं.

"समोरच्याला आंधळा करून आपुन कुटं जानार?" ती म्हणाली. मग बटन दाबलं. टिक् असा बारीक आवाज आला आणि अंगण पिवळं झालं. गोठ्यातली गाय दचकून उठली. वडील ओट्यावरून म्हणाले, "वरात काडायची का काय?" पण उठून दोनदा बघून गेले.

सोमवार ते शुक्रवार दिवे झकास चालले. आत्या धुक्यातून गात जायची. कसं गाते ते विचारू नका.

आणि मग तो शनिवार. पहाटे घरून निघताना दिवे लागलेच नाहीत. आत्यानं डेअरीच्या दारात बॉनेट उघडलं. फ्यूज उडालेला. तिनं सगळ्यांसमोर नवा टाकला, बटन दाबलं, तोही उडाला. रांग गप्प झाली. चेअरमननी ती शांतता हेरली आणि वर लिहिलेलं वाक्य टाकलं.

आत्या एवढंच म्हणाली, "चेअरमन, येत्या शनिवारी याच टायमाला बघा."

"बघू. तवर पहाटंची फेरी आमचा भाचा मारंल. त्या दिशी न्हाई लागल्या लायटी, तर कायमचीच ऱ्हाऊ दे त्याच्याकडं."

त्या दिवशी आत्याला दिवसाची फेरी मिळाली. हिंजवडीच्या खड्ड्यांतून आदळत आपटत ती दुपारी परत आली, नवा फ्यूज टाकला, तर दिवे लख्ख! घडलं काय, कुणालाच कळेना. आम्ही रिले काढून पाहिला, बटन पाहिलं, जमिनीवर झोपून वायर न् वायर चाचपली. सगळं ठीक.

आता आमच्या घरातला खरा पेच सांगते. आमच्याकडे फ्यूज 'बसवत' नाहीत, 'बांधतात'. घरच्या मीटरवर चिनी मातीचा फ्यूज असतो. उडाला की त्यात तांब्याची तार बांधायची. पुन्हा उडाला की जाड तार बांधायची. न उडणारा फ्यूज म्हणजे चांगला फ्यूज, अशी अख्ख्या गावाची समजूत. वडील संध्याकाळी तारेचं भेंडोळं घेऊनच आले.

"ह्यो प्लास्टिकचा खेळ काड आन् तार बांध. बगू कसा उडतोय."

"दादा, त्यो उडतोय म्हनून गाडी शाबूत हाय," आत्या म्हणाली. "तार बांधली तर फ्यूज न्हाई उडायचा, गाडी उडंल."

"फेरी गेल्यावर शाबूत गाडी काय पुजायचीय?"

यावर मात्र आत्यानं भेंडोळं त्यांच्या हातातून घेतलं. तार बांधली तर शनिवारी दिवे लागतील अशी आशा होती, आणि फेरी परत मिळाली असती. तिनं तारेचं टोक बराच वेळ बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं.

मला राग आला, तो फ्यूजच्या बाजूनं आला. अहो, तो बिचारा एकच काम करतो. काहीतरी चुकतंय म्हणून सांगतो आणि सांगताना स्वतः जळतो. आणि आपण काय करतो? काय चुकतंय ते शोधत नाही. जो सांगत नाही असा कुणीतरी त्याच्या जागी बांधतो. मी हे ओट्यावर उभं राहून, हातवारे करून बोलले. आई म्हणाली, "भाषान झालं आसंल तर भाकरी खाऊन घे." पण आत्यानं भेंडोळं वडिलांच्या हातात परत दिलं.

"शनिवारपतुर थांबू," ती म्हणाली. "आन् पाच दिस चालून शनिवारीच का उडला, त्ये बगू."

शनिवारीच का, यावर वडिलांचं मत तयार होतं: शनी. आईचं मत: दृष्ट. नव्या दिव्यांना गावाची दृष्ट लागली होती आणि चेअरमनच्या भाच्याची विशेष.

पुढचा शनिवार उजाडायच्या आधी मी अंगणात हजर होते. आत्यानं इंजिन सुरू केलं, दिवे लावले. लागले! मी फ्यूजकडे असं बघत उभी राहिले, जसं निवडणुकीत मतपेटीकडे बघतात. काही होईना. आत्या केबिनमधून म्हणाली, "चल पोरी, बस. आज शनी झोपलाय."

तेवढ्यात आई घरातून पळत आली. "थांबा वन्सं, थांबा! ह्ये बांधायचं ऱ्हायलं."

तिच्या हातात लिंबू-मिरची होती. दर शनिवारी नवी बांधायची, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. या वेळी दृष्ट मोठी म्हणून लिंबं दोन, मिरच्या भरपूर, वर बिब्बा, आणि सगळं नेहमीप्रमाणे दोऱ्याऐवजी बारीक तारेत ओवलेलं. तिचा जुना आकडा आम्ही काढला होता, त्यामुळे तिनं ती तार डाव्या दिव्याच्या मागं, स्टँडलाच अडकवली. तारेचं टोक वाकवून नीट आत खोचलं. दिव्याच्या पिनेजवळ.

चट्! बारीक ठिणगी उडाली आणि दोन्ही दिवे गेले.

आई हात मागे घेऊन उभी. वडील ओट्यावर. आत्या केबिनमधून अर्धी बाहेर. सगळे एकाच ठिकाणी बघत होतो, त्या दोन लिंबांकडे. तारेचं एक टोक करंटच्या पिनेला, दुसरं लोखंडाला. गेल्या शनिवारीही असंच झालं असणार. दुपारपर्यंत हिंजवडीच्या खड्ड्यांत ती माळ पडून गेली असणार आणि दिवे बरे झाले असणार. त्या खड्ड्यांनी केलेलं हे एकमेव लोककल्याण. आम्ही गाडीखाली झोपून सगळं तपासलं होतं, पण माळ कुठे बांधली होती, हे आईला विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. जी गोष्ट रक्षणाला बांधली, तिच्यावर कोण संशय घेणार?

"म्हंजी," आई म्हणाली, "शनी मी हाय व्हय?"

आत्या स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागली. हसता हसता हॉर्न वाजला. गाय पुन्हा उठली. वडील गंभीरपणे म्हणाले, "तरी मी म्हनत हुतो लिंबू एकच बास," जे ते कधीही म्हणत नव्हते.

आत्यानं दोन्ही पिनांवर रबरी टोप्या चढवल्या, वरून टेप गुंडाळली, नवा निळा फ्यूज टाकला. लिंबू-मिरची आईकडून पुन्हा ओवून घेतली, काळ्या दोऱ्यात, आणि बंपरच्या मधोमध बांधली. फेकली नाही. "वैनी, बिब्बा बी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "गाव तसलंच हाय."

डेअरीच्या दारात आम्ही धुक्यातून पिवळे होऊन पोचलो. रांग वळून बघायला लागली. चेअरमन बाहेर आले.

"लागल्या वाटतं."

"लागल्या."

"काय झालं हुतं?"

"लिंबू," आत्या म्हणाली आणि सगळं सांगितलं, आईचं नाव वगळून. रांग हसली. या वेळी आम्हीही हसलो. शेजारी भाच्याचा ट्रक उभा होता. आत्या त्याला म्हणाली, "बाळा, तुजा बी फ्यूजचा डबा उघड की. बगू." त्यानं उघडला. आत फ्यूज नव्हताच. तांब्याची जाड तार, आणि भोवतीचं प्लास्टिक काळं पडून वाकलेलं.

"आरं, कुनी बांधली ही?"

भाचा जमिनीकडे बघत म्हणाला, "मामांनी."

मामा म्हणजे चेअरमन. ते कॅन मोजायला लागले. मोजून झाल्यावर, अगदी हळू, आत्याच्या जवळ येऊन म्हणाले, "फेरी घ्या आक्का तुमची." भाच्यानं त्याच दुपारी आत्याकडून निळा फ्यूज बसवून घेतला. बसवून, बांधून नव्हे.

फेरी मिळाली. आत्या खूश आहे, गाते आहे. मी खूश नाही. 'बाईनं केलेलं वायरिंग' हे रांगेला ऐकू जाईल असं बोललं गेलं, आणि 'फेरी घ्या' हे कानात. आत्या म्हणते सोडून दे. मी सोडत नाही.

म्हणून, तुम्ही त्या रांगेत हसला असाल तर येत्या शनिवारी डेअरीच्या दारात तितक्याच मोठ्यानं सांगा, की वायरिंग चोख होतं. रांगेत नव्हता? मग हे खाली ठेवा, किल्ली घ्या आणि तुमच्या गाडीचा फ्यूजचा डबा उघडा. आत तार बांधलेली असेल तर आजच काढा.