आमची पायल, दुसरी ते चौथी

तालुक्याच्या ट्रेनिंगला जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की कुणीतरी हमखास म्हणतंच, "मॅडम, त्या पायलचं सांगा नं एखादं!" शाळेतले किस्से कपाटात कोंबलेल्या जुन्या वह्यांसारखे असतात. एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात. आणि आमच्या कपाटातल्या अर्ध्याअधिक वह्या एकाच पोरीच्या!

पायल आता तालुक्याच्या मोठ्या शाळेत पाचवीला आहे. तिच्याबद्दल चारचौघांत बोललेलं चालेल का, म्हणून मी तिच्या आईला, सुमनबाईला, विचारलं होतं. ती म्हणाली, "सांगा नं मॅडम, बिनधास्त सांगा! आमच्या पोरीनं का कोणाची चोरी केली?"

म्हणून सांगते.

*

मी मूळची वरोऱ्याची. बदली झाली ती गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात. शाळेच्या एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव. चार वर्ग आणि शिक्षक दोनच, हेडसर आणि मी. पहिल्याच दिवशी हेडसरांनी मला व्हरांड्यातून फिरवलं. "ही पहिली. ही दुसरी. आणि ही पायल. हिच्यापासून सांभाळून!"

सात वर्षांची पोर. एक वेणी घातलेली, दुसरी सुटलेली.

मी बेरजेने सुरुवात केली. डब्यातून चिंचोके काढले, थोडे एका मुठीत घेतले, थोडे दुसऱ्या मुठीत. दोन्ही मुठी वर केल्या आणि म्हटलं, "आता मला सांगा..."

"अठरा!"

"अगं, मी अजून काही विचारलंच नाही!"

"तुमी काढून राह्यले होते तवाच मोजले नं मी." आणि वर, "उघडा आता मुठी. मले काम हाये."

मी मुठी उघडल्या. अठराच होते.

*

हे 'काम' म्हणजे काय, ते आठवड्याभरात कळलं. फळ्यावर मी 'ब बकरीचा' गिरवत होते. मागे धप्प असा आवाज आला. वळून पाहिलं तर पायलची जागा रिकामी आणि खिडकीत नुसता पडदा हलतोय! बाहेर कुणाचीतरी बकरी खिचडीच्या पालकात तोंड घालून उभी होती आणि पायल तिचे दोन्ही कान धरून तिच्याशी भांडत होती.

खिचडी शिजवणाऱ्या इंदिराबाई पळत आल्या. पालक वाचला. पण हेडसर तापले. "वर्ग चालू असताना खिडकीतून उडी? मॅडम, ही पोरगी दुसरीच्या लायकीची नाही. तिला परत अंगणवाडीत बसवा!"

मी काही बोलायच्या आत इंदिराबाई पालक धुता धुता म्हणाल्या, "सर, अंगणवाडीवाल्या बाईले विचारलं मी. ते म्हणते, आमी एकदा देलेला माल वापस नाई घेत!"

*

महिन्याभरात हेडसरांनी सुमनबाईला बोलावून घेतलं. ती तलावावरूनच आली. लुगड्याचा काठ ओला, हातात माशांचं टोपलं. टोपलं दाराबाहेर ठेवून ती उभी राहिली.

हेडसरांनी तक्रारींचा कागदच काढला. "तुमची मुलगी सगळ्यांच्या मध्ये-मध्ये बोलते. घरीही अशीच बोलते का?"

"घरी कुठी बोलू भेटते तिले, सर? घरी मी बोलतो नं!"

मला हसू आवरेना. हेडसर मात्र गंभीर होते. ते म्हणाले, "बाई, माझं ऐका. यंदा तिला घरीच ठेवा. जरा मोठी होऊ द्या, समज येऊ द्या. मग पाठवा."

सुमनबाईने पदर खोचला. "सर, मी चौथीत होती तवा माह्या बापाले असंच सांगतलं होतं. पोरगी वांड हाये, जरा मोठी होऊ द्या. मी मोठी झाली, सर. शाळा नाई झाली."

टोपलं उचलून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायच्या आधीच पायल फाटकावर हजर. त्या दिवशी दोन्ही वेण्या घातलेल्या होत्या.

मी हेडसरांना म्हटलं, "ती माझ्या वर्गात बसेल. तिचं जे काय होईल ते माझ्या नावावर लिहा."

*

आता एवढी ऐट दाखवणारी मी, पण खरं तेही सांगायला हवं. दिवाळीच्या आधी एकदा माझाच तोल गेला. एका धड्यात तिने मला अकरा वेळा मध्येच तोडलं. मी ओरडले, "जा, बाहेर उभी राहा!" ती गेली. पाच मिनिटांनी बाहेर पाहिलं तर व्हरांडा रिकामा!

एका बाजूला जंगल, त्यातून मागच्याच आठवड्यात वाघाचे पगमार्क दिसले म्हणून दवंडी झाली होती. दुसऱ्या बाजूला पाणी. इंदिराबाई एका वाटेने पळाल्या, मी दुसऱ्या.

तलावाच्या पाळीवर सापडली. तिचे वडील, गोविंदाभाऊ, गळ टाकून बसले होते आणि ही त्यांच्या शेजारी. चूपचाप! मी लांबूनच पाहत उभी राहिले. पाण्यावर ज्वारीच्या धांड्याचा लहानसा तुकडा तरंगत होता, गळाच्या दोरीला बांधलेला. तो हलला. पायलची बोटं वळवळली. गोविंदाभाऊ हळूच म्हणाले, "नाई." पुन्हा हलला. "नाई." तिसऱ्यांदा तुकडा सपकन पाण्याखाली गेला.

"बुडलं!" म्हणत तिने दोरी ओढली. तळहाताएवढा मासा!

मी जवळ जाऊन आधी तिची माफी मागितली. मग गोविंदाभाऊंना विचारलं, "ही तुमच्याजवळ एवढी शांत कशी काय बसते?"

ते अतिशय कमी बोलणारे. विचार करून म्हणाले, "मी तिले चूप बस म्हणत नाई, मॅडम. काय पाहाचं ते सांगतो."

डी.एड.ला दोन वर्षं घातली मी! हे एक वाक्य कुणी सांगितलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवसापासून आमचा करार झाला. उत्तर सुचलं की तो पहिला हेलकावा, बोलायचं नाही. माझा प्रश्न पूर्ण होऊ द्यायचा, तो दुसरा. मी तिच्याकडे पाहून मान हलवली की बुडलं, मग ओढायचं! पहिले पंधरा दिवस नुसता गोंधळ. उत्तर तोंडात धरून ठेवायला तिला दोन्ही हात तोंडावर दाबावे लागायचे. पण हळूहळू जमायला लागलं. रोज नाही. दहापैकी चारदा, मग पाचदा.

अशातच तालुक्याच्या विस्तार अधिकारी साहेबांची शाळाभेट ठरली. आदल्या दिवशी हेडसर म्हणाले, "उद्या पायलला घरी ठेवायला सांगा."

"ती आली नाही तर मीही येणार नाही, सर."

"मॅडम, हा काय हट्ट!"

"हट्टच आहे."

साहेब आले. फळ्यावर त्यांनी हातच्याची वजाबाकी मांडली. बावन्न वजा सतरा. बोलता बोलता उत्तर लिहिलं पंचेचाळीस. मी पाहिलं, हेडसरांनी पाहिलं, दोघंही मुकाट. पायलने दोन्ही हात तोंडावर दाबले. साहेब समजावत होते, तिचा चेहरा लाल होत चालला होता. शेवटी साहेबांनी विचारलं, "समजलं का सगळ्यांना?"

अख्खा वर्ग एका सुरात, "हो सर!"

पायलने माझ्याकडे पाहिलं. हेडसरांनीही पाहिलं, डोळ्यांनी नाही-नाही म्हणत. मी मान हलवली.

"बुडलं!" ती ताडकन उभी राहिली. "सर, पस्तीस!"

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. बोटाने चार पुसून तिथे तीन लिहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. पण हे बुडलं म्हणजे काय?"

हेडसर पुढे सरसावले. "सर, चहा घेऊन घ्या नं आधी!"

*

तिसरीत वेगळीच पंचाईत झाली. तोंडी सगळं येणारी पोरगी लेखी परीक्षेत आपटली. पेपर हातात पडला की तिचे डोळे सगळ्या प्रश्नांवर एकदम धावायचे. पहिल्याचं अर्धं, सहाव्याचं अर्धं, मग कोपऱ्यात मोराचं चित्र. वीसपैकी चार गुण. मोर मात्र फर्स्ट क्लास!

मी पेपरची घडी घातली. एक प्रश्न झाला की एक घडी उघडायची, पुढचं काही दिसायलाच नको. दोन प्रश्न झाले की उठून ओट्यावरून पाणी पिऊन यायचं, पुन्हा बसायचं. चाचणीत तिला सोळा मिळाले.

हेडसर म्हणाले, "हे चालत नाही, मॅडम. सगळ्यांना एक नियम आणि हिला वेगळा?"

"पेपर तोच, वेळ तोच, प्रश्न तेच. कागदाला घडी घालायची नाही असा जी.आर. असेल तर दाखवा, मी लगेच थांबते."

हेडसर नियमाचा माणूस. दोन दिवस फायली उपसत बसले. तिसऱ्या दिवशी मी खडू आणायला त्यांच्या वर्गात गेले, तर टेबलावर चौथीचे पेपर पडलेले आणि हेडसर खाली मान घालून एक-एक घडी घालताहेत!

मला पाहून म्हणाले, "जी.आर. सापडला नाही."

*

आता शेवटचं. आमच्याकडे चौथीपर्यंतच वर्ग, म्हणून पुढच्या प्रवेशासाठी मी, सुमनबाई आणि पायल एसटीने तालुक्याला गेलो. सुमनबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी पायलच्या सगळ्या वह्या आणि पेपर पिशवीत भरून घेतले होते. हेडसरांनी दाखल्यावर सही करताना स्वतःहून 'गणितात विशेष प्रगती' असं लिहिलं होतं.

मोठी शाळा, मोठं ऑफिस. तिथले सर खुर्चीत बसलेले, आम्ही तिघी समोरच्या बाकावर. त्यांनी दाखला पाहिला, नाव वाचलं आणि मान वर केली. "ही तीच का खिडकीवाली?"

म्हणजे कीर्ती आमच्या आधी पोचली होती!

मी वह्या काढायला लागले, तेवढ्यात मैदानात पोरांचा गलका झाला. सर उठले, खिडकी लावून आले. मी पेपर पुढे केले, तर त्यांचा फोन वाजला. रेंज नव्हती म्हणून बोलत बोलत बाहेर व्हरांड्यात गेले. बऱ्याच वेळाने परत आले. बसले न बसले तोच शिपायाला हाक मारायला पुन्हा दारापर्यंत गेले. माझे पेपर तसेच टेबलावर. त्यांनी ते एका बाजूला सारले.

"हे पाहा मॅडम, हुशार असेल, नाही म्हणत नाही. पण आमच्याकडे शिस्त आहे. तासभर एका जागी बसावं लागतं. हिला ते जमणार नाही. तुम्ही दुसरीकडे बघा."

सुमनबाईचा चेहरा उतरला. चौथीत शाळा सुटलेल्या पोरीचा चेहरा कसा असेल, ते मला त्या क्षणी दिसलं. माझं डोकं भणाणलं. मी उठून उभी राहणार, काय काय सुनावणार होते ते सगळं ओठांवर आलं होतं.

पण सुमनबाईने माझा हात घट्ट दाबून धरला. कारण पायलने बोट वर केलं होतं. ती वाट पाहत होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं. "काय गं? बोल."

"सर, आमी आल्यापासून तुमी तीन खेप उठले," पायल म्हणाली. "मी एक खेपबी नाई उठली!"