नळाला बांधलेलं फडकं

संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की मुकादमबाई खुर्ची पुढं ओढायची, गुडघ्यांना तेल चोळायला घ्यायची आणि टीव्हीशी भांडायला लागायची. कुठं पूल पडला, कुठं मंत्र्यानं फीत कापली, कुठं दोन देश एकमेकांच्या उरावर बसले, बाईचं सगळ्यांवर मत तयार. चर्चेला बसलेली माणसं एकदम ओरडायला लागली की म्हणायची, "एकेकानं बोला रे मेल्यांनो! आमच्या धुलाईखात्यात पन्नास बायका होत्या, त्यांनीसुद्धा कधी एवढा कालवा केला नाही."

मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात तिची चौतीस वर्षं गेली होती. त्यातली शेवटची अठरा मुकादम म्हणून. रक्ताच्या, पुवाच्या, ओकारीच्या चादरी रोज ढिगानं यायच्या. चादर कुणाची ते कळायचं नाही, पण त्या माणसाला काय झालं होतं ते उचलल्याबरोबर कळायचं. बातम्यांचंही तिला तसंच वाटायचं. वरून छान घडी घालून देतात, आतला डाग उलगडल्याशिवाय दिसत नाही.

धुलाईखात्याचं दार उघडलं की तिचं पहिलं काम ठरलेलं. मोठ्या नळाच्या तोंडाला चौघडी पांढरं फडकं बांधायचं, पाणी सोडायचं आणि शंभरपर्यंत मोजायचं. मग फडकं सोडून उजेडात धरायचं, नाकाला लावायचं. पांढरं राहिलं तर यंत्रं चालू. पिवळं पडलं, वास मारला, तर सगळं बंद. एकदा ऑपरेशनचे कपडे तिनं असेच दुपारपर्यंत अडवून धरले. मोठा डॉक्टर हातपाय आपटत खाली आला. हिनं फडकं त्याच्या नाकासमोर धरलं. म्हणाली, "साहेब, ह्या पाण्यात धुतलेलं अंगावर घालायचं असेल, तर तसं लिहून द्या." डॉक्टर आला तसा परत गेला. 'मुकादमबाई' हे नाव तेव्हा जे चिकटलं ते पेन्शन सुरू झाली तरी सुटलं नाही. गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा तिला 'मुकादम आजी' म्हणायची.

टीव्हीवर एकच माणूस असा होता, की तो दिसला की बाई गप्प व्हायची. तो तिचा मुलगा.

मुलगा शहराच्या पाणीखात्यात साहेब होता. कुठं नळ कोरडे पडले, कुठं जमिनीखालचा पाइप फुटला, की निळा शर्ट घालून तो बातम्यांत यायचा आणि दमानं बोलायचा. मग बाईचा तेलाचा हात गुडघ्यावरच थांबायचा. "बघा, कसा बोलतोय. नाहीतर ही बाकीची भुंकणारी." घर त्यानंच बांधलेलं, दुमजली. वर तो, सून आणि दोन नाती. खाली एक खोली, मोरी आणि आई. जिना चढवत नाही म्हणून खाली, असं सगळे म्हणायचे. बाईही तसंच म्हणायची.

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी मोरीतल्या नळाचं पाणी तिला कसंतरीच वाटलं. हात आपोआप कपाटाकडं गेला. जुनं फडकं काढलं, चौघडी करून नळाला बांधलं, शंभर मोजले. सोडून बघितलं तर मध्ये पिवळट डाग, आणि वास असा, की जणू गटाराचं झाकण कुणी नुकतंच सरकवलंय.

त्याच संध्याकाळी मुलगा बातम्यांत आला. "पाणी पूर्णपणे पिण्यायोग्य आहे. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये."

बाईनं टीव्हीकडं बघितलं, मग मोरीच्या कठड्यावर पडलेल्या फडक्याकडं बघितलं. मोठ्या डॉक्टरला न भ्यालेली बाई पोटच्या पोरापुढं ढिली पडली. "माझंच नाक म्हातारं झालं असेल," असं ती स्वतःशीच म्हणाली. उठली, फडक्याला साबण लावला, खसखसून धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं.

तिथं थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी, सार्वजनिक नळावर, बायका कळशीत नाक खुपसून कुजबुजत होत्या. मुकादमबाईला ते बघवेना. तिनं तिथलाच एक पेला ओढला, भरला आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायली. "माझा मुलगा सांगतोय ना? मग प्या की मुकाट्यानं. काय राजवाड्यातनं आलाय काय तुम्ही?"

बायका हसल्या. मुकादमबाई पाण्याला नावं ठेवत नाही म्हटल्यावर पुढं कोण बोलणार?

समोरच्या घरातली शिवणवाली तेवढी हटून बसली. तोंडात कायम टाचण्या धरून बोलायची, म्हणून मुकादमबाईनं तिचं नाव 'टाचणी' ठेवलेलं. तीस वर्षांची शेजारीण, आणि गल्लीत हिला 'अगं' म्हणणारी एकटीच. घरात चार वर्षांची नात, एका जागी पाय न ठरणारी, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. भिंगरीची आई दिवसभर कामावर, मूल आजीच्या जिवावर. टाचणी पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवायची.

"कशाला गॅस जाळतेस गं?" मुकादमबाई म्हणाली.

"पोर लहान आहे. असू दे," टाचण्यांच्या फटीतून उत्तर आलं.

"म्हणजे माझ्या मुलावर भरवसा नाही तुझा?"

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. "मुलाचं मला माहीत नाही. तुझ्यावर आहे." आणि त्या दिवसापासून तिनं उकळणं सोडलं.

सात-आठ आठवडे गेले. आधी कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या घरात दोघं आडवी झाली. मग पलीकडच्या बिऱ्हाडात एक. मग भिंगरीचे डोळे पिवळे झाले, नखं पिवळी झाली, आणि घरभर नाचणारी पोर भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागली. डॉक्टरनं कावीळ सांगितली, पोरीला दवाखान्यात ठेवून घेतलं.

मुकादमबाई दवाखान्यात गेली तेव्हा टाचणी पलंगाच्या कडेला बसली होती. तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळं शब्द न शब्द स्वच्छ ऐकू आला.

"मी उकळत होते गं. तू म्हणालीस."

बाईनं सवयीनं पलंगावरची चादर तेवढी सारखी केली. टाचणीनं तिचा हात बाजूला सारला.

घरी आली ती थेट जिन्याला लागली. मुलाच्या ओळखीचा एखादा मोठा डॉक्टर पोरीला बघेल, एवढंच तिच्या मनात होतं. एकेका पायरीला थांबत, कठडा धरत, सहा महिन्यांत पहिल्यांदाच ती वर पोचली. स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला लोखंडी घोडीवर पाण्याचा मोठा निळा जार उपडा बसवलेला होता. खाली दोन रिकामे, वर टॉवेल टाकलेले.

सूनबाईनं घाईघाईनं पेला भरून दिला. "आई, बसा ना. दम लागलाय तुम्हाला."

बाईनं आधी वास घेतला. कसलाच वास नाही. पाण्याला असायला हवा तसा, कसलाच नाही.

"हे कधीपासनं?"

"झाले की दोन-अडीच महिने. हेच म्हणाले, मुलींना नळाचं देऊ नकोस." बोलून गेल्यावर सूनबाईनं जीभ चावली.

मुलगा बाहेरच्या खोलीत होता. बाईनं तिथूनच विचारलं, "आणि मला?"

तो आत आला. टीव्हीवर बोलायचा तसाच दमानं बोलायला लागला. "आई, जुना पाइप आहे. गटाराला लागून गेलाय. बदलायला सहा महिने. आता बोंब मारली तर लोक खात्यावर धावून येतील. वरून आदेश आहे. मी काय करू?"

"मी विचारलं, मला?"

"तुझं पोट लोखंडाचं आहे गं. आयुष्यभर काय काय पचवलंस."

"ते पोटाचं सोड. तुझ्या मनात काय होतं ते सांग."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुला जार दिला असता तर दुसऱ्या मिनिटाला गल्लीला कळलं असतं. तू पितेस म्हणून लोक पितात."

बाईनं पेला ओट्यावर ठेवला. चौतीस वर्षं ज्या फडक्यावर पाणी पारखलं, त्या फडक्यासारखंच पोरानं तिला नळाला बांधलं होतं. फडकं निदान डाग दाखवतं. ही पांढरीच्या पांढरी राहिली होती.

"पोरीसाठी डॉक्टर बघतो," मुलगा म्हणाला. "आणि हे बघ, आजारपणाची बातमी फुटलीय. उद्या टीव्हीवाले गल्लीत येणार आहेत, तुझ्याकडंही येतील. एवढंच सांग, की मी हेच पाणी पिते. खोटं थोडंच आहे? माझी नोकरी आहे आई, मुलींच्या शाळा आहेत."

"सांगते," बाई म्हणाली आणि एकेक पायरी उतरत खाली आली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कॅमेरा आला. बरोबर हातात माइक घेतलेली चुणचुणीत बातमीवाली. "आजी, सार्वजनिक नळापाशी उभ्या राहा. हातात पेला धरा. हं, बोला."

मुकादमबाई बोलली. आयुष्यभर टीव्हीशी भांडली होती, आता टीव्ही ऐकायला आला होता. तिनं एक शब्द गिळला नाही. "मी हेच पाणी पिते. दोन महिने झाले, हेच पिते. माझा मुलगा पाणीखात्यात साहेब आहे. तो म्हणाला चांगलं आहे, म्हणून मी सगळ्या गल्लीला पाजलं. आणि त्याच्या स्वतःच्या घरात निळे जार येतात. पाइपात गटार शिरलंय, त्याला माहीत आहे. पोरं पिवळी पडलीत. हे पाणी कुणी पिऊ नका. मुलाची नोकरी गेली तर जाऊ दे. मी जन्माला घातलंय, मीच सांगतेय."

बातमीवालीनं मान हलवली, "छान, छान" म्हणाली, आणि कॅमेरा गाडीत गेला.

दिवसभर, वर मुलाच्या घरात कोरडी भाकर खायची वेळ येईल की काय, नातींची शाळा सुटेल की काय, असं बाईच्या मनात येत होतं. पण पाठ ताठ होती. संध्याकाळी सातला तिनं खुर्ची पुढं ओढली. तेल घेतलं नाही.

सातव्या मिनिटाला ती पडद्यावर आली. हातात पेला. "मी हेच पाणी पिते. दोन महिने झाले, हेच पिते. माझा मुलगा पाणीखात्यात साहेब आहे. तो म्हणाला चांगलं आहे."

खाली पट्टी आली: अधिकाऱ्याच्या मातेचा नागरिकांना दिलासा. मग क्रिकेट.

बाई पुढचं यायची वाट बघत राहिली. खेळ संपला, हवामान झालं, जाहिराती लागल्या. पुढचं आलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. मुलगा खाली आला, मोकळ्या चेहऱ्यानं. "छान बोललीस आई. वरच्या साहेबांचाही फोन आला."

"बाकीचं कुठं गेलं?"

"त्यांच्याकडं वेळ कमी असतो गं." तो तिच्याकडं बघत नव्हता. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. ती काय बोलली ते, आणि कुणी कापायला लावलं तेही.

बाई उठली. मोरीतल्या नळाचा पेला भरला आणि त्याच्यासमोर धरला. "घे. दिवसभर दमला असशील."

"आत्ताच चहा झाला."

"एक घोट घे. आईच्या हातचं आहे."

त्यानं पेल्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. "उद्यापासून तुलाही एक जार खाली पाठवतो," म्हणाला.

"आता कशाला? माझं काम झालं ना?"

तो वर गेला. पेला रात्रभर तसाच राहिला. सकाळी तळाशी गाळाचा पिवळट थर होता.

उजाडल्यावर तिनं कपाटातलं फडकं घेतलं आणि गल्लीच्या नळावर गेली. रांग होतीच. पुढं घुसून तिनं नळाच्या तोंडाला चौघडी फडकं बांधलं आणि मोजायला लागली.

"अहो आजी, धार बारीक होतेय," मागून एक स्कूटरवाला म्हणाला. "कामावर जायचंय आम्हाला."

"थांब. शंभर होऊ दे. हे पाणी पिऊ नका रे. माझं ऐका."

"काल टीव्हीवर तर सांगत होतात, हेच पिते म्हणून!"

"त्यांनी माझं कापलं."

"काय कापलं? तुमचं तोंड दिसत होतं की सगळ्यांना." रांगेत खसखस पिकली. न्हाव्याची बायको तेवढी हसली नाही, पण तिनंही कळशी मागं घेतली नाही. घरात पाणी पाहिजेच होतं, आणि जारवाला तिच्या दारात येत नव्हता.

शंभर झाले. बाईनं फडकं सोडून सगळ्यांपुढं धरलं. मधोमध पिवळा डाग.

"थोडा गाळ असतोच," स्कूटरवाला म्हणाला. त्यानं फडकं तिच्या हातातून घेतलं, गाडीची सीट पुसली, आणि आठवणीनं घडी घालून भिंतीवर ठेवलं. माणूस वाईट नव्हता.

टाचणी दवाखान्याचा डबा घेऊन निघाली होती. ती थांबली. भिंतीवरचं फडकं तिनं उचललं, नाकाशी धरलं, आणि मुकादमबाईसमोर येऊन उभी राहिली. भिंगरी दवाखान्यात गेल्यापासून ती बाईशी बोलली नव्हती.

"तू धुलाईखात्यात रोज हेच करायचीस ना?"

"हो."

"मग तेव्हा का नाही बांधलंस? पेला प्यायच्या आधी?"

नाही सुचलं, म्हणता आलं असतं. म्हातारपण आहे, विसरले, म्हणता आलं असतं. ऐकायला रांग उभी होती.

"बांधलं होतं," मुकादमबाई म्हणाली. "आदल्या दिवशी. असंच पिवळं आलं होतं."

"मग?"

"धुऊन टाकलं."

टाचणीनं फडकं तिच्या हातात ठेवलं, डबा सावरला आणि मागं न बघता दवाखान्याच्या वाटेला लागली.

रांगेतलं हसू थांबलं होतं. मुकादमबाईनं फडकं पिळलं, झटकलं, पुन्हा चौघडी केली, नळाला बांधलं आणि एकपासून मोजायला लागली. मागं कुणीतरी भांडं आपटलं. तिनं वळून बघितलं नाही.