न नांगरलेली पट्टी

प्रयोगशेतावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या काकांची नांगरट दोरी लावल्यासारखी सरळ असे. येणारेजाणारे कौतुकाने बघत आणि मग हमखास कुंपणालगतच्या पट्टीकडे बोट दाखवत. तिथे नुसती धसकटं आणि वाळका पाला. वर्षानुवर्षं तिला फाळ लागला नव्हता.

"काका, तिथे आलं की डिझेल संपतं का हो?"

काका हसण्यावारी नेत, पण ते बोलणं मनात सलत राही. पट्टी मापवालीची होती. त्यांच्या लेकीच्या वयाची ही संशोधक मातीवर पेटी ठेवून तिचा श्वास, म्हणजे तिच्यातून निघणारा वायू, मोजायची. का नांगरायचं नाही, हे तिने एकदा समजावलंही होतं. काकांनी 'बरं बरं' करून विषय संपवला.

निवृत्तीच्या आठवड्यात मेव्हणा आला. "भाऊजी, जाताजाता शेताचं तोंड तरी धुवून द्या!"

दुसऱ्या सकाळी काकांनी पट्टीत फाळ टाकला. माती उलटली ती काळीभोर, गांडुळांनी भरलेली, पांढऱ्या तंतूंनी विणलेली. अशी माती त्यांनी जन्मात उलटली नव्हती. तिथेच थांबायला हवं होतं. पण हात रंगात आला होता.

मापवाली आली तेव्हा ते शाबासकीची वाट बघत होते. ती बांधावर मटकन बसली.

"ओरड तरी, पोरी."

"ओरडून काय होणार, काका? हे धागे बुरशीचे. मातीला धरून होते, तुटले. आतल्या जिवाणूंना मोकळी हवा मिळाली. आता पाल्यामुळांचा जुना साठा खात सुटलेत. इतक्या वर्षांचं मुरलेलं वायू होऊन वर चाललंय. हवा तापवणारा वायू."

"मी रूळ फिरवतो. दाबून बसवतो परत."

"दाबून धागे जुळतात का?"

तिने पेटी ठेवली. आकडा चढत गेला, शेजारच्या नेहमी नांगरल्या जाणाऱ्या रानाच्याही वर. काका चष्मा पुसत राहिले.

तिने प्रयोगशेताच्या साहेबांना फोन लावला. साहेब रागावले नाहीत. तुलनेला न नांगरलेलं आता काही उरलंच नाही, म्हणाले. काकांना सांग, उद्या तिथेही आडवी नांगरट करून टाका, बाकीच्या रानासारखी.

काकांनी ते ऐकलं. ट्रॅक्टरकडे न जाता ते पट्टीत उतरले, गुडघे टेकले आणि उघडी पडलेली गांडुळं वेचून मातीआड करू लागले.

नांगरामागे टिपायला उतरलेली पाखरं पुष्कळ होती.