वीस हात नाला

आमच्या ह्यांना पोहता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. तरीही श्रावण लागायच्या तोंडावर त्यांनी भंडाऱ्यातल्या आमच्या अख्ख्या विणकर मोहल्ल्यात जाहीर केलं, की आंबागडच्या डोंगरातून येणारा नाला आपण कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या चिमुकल्या होडीत बसून बारा किलोमीटर उतरणार, तोही मुक्काम करून. माणूस पन्नाशीचा, हातमागावर बसून गुडघे गेलेला! पण मोबाइलवर लोकांना दरीतल्या पाण्यात उड्या घेताना पाहिलं आणि नागपूरहून जुनी, हवा भरायची, नारिंगी कयाक उचलून आणली. मी सानगडीची, तलावात पोहत वाढलेली. विधवा व्हायची हौस नव्हती म्हणून मीही निघाले.

जाणाऱ्यांसाठी माहिती: भंडारा ते तुमसर रस्ता चांगला, पुढे खड्ड्यांतून रस्ता शोधावा लागतो. मोहाडीला तर्री-पोहे भरपूर खाऊन घ्या, पुढे पोटाचे हाल आहेत. आमच्याकडे पंप सायकलचा, त्यामुळे कयाक घरीच फुगवून ओळखीच्या टेम्पोवर बांधली होती. तुमसरला पेट्रोल भरणाऱ्याने ती खालून-वरून न्याहाळली.

"हे काय होय जी? ढोराईले पानी पाजाचं टाकं?"

"हो," मी म्हटलं. हे पुढे आंबागडपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

नाला मात्र खरोखर देखणा. दोन्हीकडे काळे खडक उभे आणि मधल्या फटीतून पाणी फेसाळत घुसतं. पहिला उतार आम्ही असा पार केला की मी आनंदाने ओरडले. दुसऱ्या उताराला कयाक उलटली. ह्यांच्या लाइफ जॅकेटची कॉलर धरून मी त्यांना काठावर ओढलं. कयाक मात्र आमच्याशिवाय फार छान गेली, एकाही दगडाला न लागता.

मग आम्ही काठाकाठाने, चिखल तुडवत, खालच्या गावापर्यंत चालत आलो. समाजमंदिरात झोपायला जागा आणि पोटभर वरण-भात मिळाला. हे मात्र झोपेतही वल्हं सोडत नव्हते. मोहल्ल्याला काय तोंड दाखवायचं, हीच एक काळजी त्यांना लागली होती.

सकाळी कयाक सापडली. ती नाल्यात कामाला लागली होती.

अलीकडच्या मोहाच्या झाडापासून वीसेक हातांवरच्या पलीकडच्या पळसापर्यंत दोर बांधलेला, आणि त्याच्या आधाराने कयाक पार करायचा गावकऱ्यांचा प्रयत्न चाललेला. तिच्यात धानाचे परे, म्हणजे रोवणीची रोपं, पेंढ्या बांधून रचलेली. मधोमध गेली की ती कलंडायची आणि पेंढ्या वाहून जायच्या. काठावर शेवंताबाई नावाच्या शेतकरीण कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"आमची हाये ती," हे म्हणाले.

"न्या जी, तुमची हाये तर न्या," शेवंताबाई म्हणाल्या. "देवानंच धाडली समजलो आमी. परे काल उपडले, राती नाल्याले पूर आला. रोवाची बांधी तिकडं, रोवनाऱ्या बाया तिकडं. आज नाई रोवलं तर परे सडतीन, अन् बाया उद्या दुसऱ्याच्या वावरात जातीन."

ह्यांनी नाल्याकडे पाहिलं. पाणी काठोकाठ होतं. आत्ता निघालो तर उरलेले किलोमीटर नक्की होणार होते, आणि ऊन तापलं की पाणी उतरणार, हेही त्यांना ठाऊक होतं. खरं सांगते, मला वाटलं हे कयाक घेऊन चालायला लागतील.

"कोणी मधात बसल्याबिगर थे सरळ नाई जात," हे म्हणाले, आणि जॅकेटचा पट्टा आवळून आत बसले.

पोहता न येणारा माणूस त्या पुरात दिवसभर पेंढ्या मांडीवर घेऊन ये-जा करत राहिला. कयाकला बांधलेला दुसरा दोर काठावरून मी धरला होता, हाताची सालटी निघाली. दुपारी पलीकडच्या बायांनी रोवता रोवता ह्यांच्यावर गाणंच रचलं. त्यांनाही कयाक टाक्यासारखीच दिसली असावी, कारण गाण्यात ह्यांना टाक्यातला नवरदेव म्हटलं होतं. हे लाजले, पण वल्हं थांबलं नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण मला हा माणूस इतका आवडल्याचं आठवत नाही.

शेवटची पेंढी पार झाली तेव्हा पाणी गुडघ्यावर आलं होतं. खडकांवरून कयाक पुढे नेण्याइतकं उरलं नव्हतं. ती आम्ही शेवंताबाईंसाठी अलीकडच्या मोहाला बांधून ठेवली. पूर काही एकदाच येत नाही.

घरी परतलो तर अख्खा मोहल्ला ओट्यावर जमलेला. शेजारच्या काकाजींनी मिशीतल्या मिशीत हसत विचारलं, "मंग, किती दूर गेले जी?"

मी काहीतरी सावरून घेणार होते. पण ह्यांनी शांतपणे चपला काढल्या.

"वीस हात," हे म्हणाले. "पन दिवसभर."